‘कट’नंतर चालत राहिलेला मुलगा

आपल्या समीक्षेत ‘किशोर’ हा शब्द नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने येतो. किशोरसाहित्य म्हणजे किशोरांनी वाचावे म्हणून मोठ्यांनी लिहिलेले. बालनाट्य म्हणजे मुलांनी पाहावे म्हणून मोठ्यांनी रचलेले. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू करून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, तिथपासून या परंपरेत मोलाचे काम झाले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तेरा ते एकोणीस वर्षांची मुले आपापली जमून, कुणी न सांगता, जे काही तयार करतात, त्यासाठी आपल्याजवळ शब्द आहे तो ‘उद्योग’. बहुधा त्याआधी ‘नसते’ हे विशेषण. दिवाळीतल्या किल्ल्याचेच पाहा. दगड-मातीचा, पोत्याने झाकलेला, आळीव पेरलेला किल्ला ही मुलांच्या कंपूने केलेली पुरती सामूहिक कलाकृती आहे. तिच्यात आराखडा असतो, भांडणे असतात, मावळे आणणारा एक आणि चिखल तुडवणारे चार असतात. आपण तिच्याकडे वळून पाहतो ते स्पर्धेचा निकाल लागल्यावर, आणि पहिल्या क्रमांकाच्या किल्ल्यात बऱ्याचदा वडिलांचा हात लांबूनही ओळखू येतो.

मुलांनी मित्र जमवून केलेला चित्रपट ही याच जातीची गोष्ट आहे. गेली काही वर्षे मी अशा चित्रपटांविषयी जे मिळेल ते वाचतो, पाहतो, टिपून ठेवतो. त्यातून ध्यानात आलेली गोष्ट अशी की, या चित्रपटांवर जे काही लिहिले गेले आहे ते जवळजवळ सगळे पाळण्यातल्या पायांविषयी आहे. पुढे थोर झालेल्या दिग्दर्शकाने सोळाव्या वर्षी काय केले, त्यात त्याच्या उद्याच्या प्रतिभेचा अंकुर कुठे दिसतो, एवढेच शोधायचे. पण कंपूत चाळीस मुले असतात. एक दिग्दर्शक होतो. उरलेल्या एकोणचाळीसांच्या दृष्टीने तो चित्रपट कशाचाच अंकुर नसतो. तो होता तेवढाच असतो. त्यांच्या बाजूने पाहिले तर या चित्रपटांचा कस वेगळा लागतो. तो लावून पाहण्यासाठी मी तीन उदाहरणे घेणार आहे: एक फार प्रसिद्ध, एक थोडे चमत्कारिक आणि एक, माझ्या मते, या विषयावरचे आजवरचे सर्वांत प्रामाणिक काम.

प्रसिद्ध उदाहरण अर्थातच स्टीव्हन स्पीलबर्गचे. अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये स्काउट असताना छायाचित्रणाचा बिल्ला मिळवण्यासाठी त्याने १९५८ साली काही मिनिटांचा पाश्चिमात्य मारधाडपट केला. त्यानंतर आला ‘एस्केप टू नोव्हेअर’, दुसऱ्या महायुद्धावरचा, सुमारे ४० मिनिटांचा. आणि १९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ‘फायरलाइट’ हा दोन तासांहून लांब विज्ञानपट. तो फीनिक्सच्या एका नाट्यगृहात एकाच रात्री दाखवला गेला. पाचशे डॉलरच्या आसपास खर्च आणि एक डॉलर नफा, असे स्पीलबर्ग सांगत आला आहे. आज त्यातली थोडी मिनिटेच उरली आहेत.

त्या काळच्या साधनांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्यावाचून या मुलांच्या शिस्तीचा अंदाज येत नाही. घरगुती ८ मिमी कॅमेऱ्यात जे रीळ घालायचे ते प्रत्यक्षात १६ मिमी रुंदीचे आणि २५ फूट लांबीचे असे. आधी अर्ध्या रुंदीवर चित्रण करायचे, मग अंधाऱ्या जागी रीळ उलटून उरलेल्या अर्ध्यावर. धुऊन आल्यावर ते मधोमध चिरलेले आणि एकापुढे एक जोडलेले मिळे. एवढ्या खटाटोपातून हाती येत जेमतेम चार मिनिटे. म्हणजे ४० मिनिटांच्या चित्रपटाला, एकही चूक झाली नाही असे धरले तरी, दहा रिळे लागणार. आणि धुलाई होऊन येईपर्यंत काय टिपले गेले आहे ते कळायचे नाही. अशा वेळी वीस-तीस मुलांना रविवारी उन्हात उभे करायचे, तर त्यांना पैसे देता येत नाहीत आणि धाकही घालता येत नाही. तुमच्याजवळ भांडवल एकच: ती तुमच्या शब्दाखातर आलेली असतात.

हे भांडवल कसे वापरले जाते, हे स्पीलबर्गने स्वतःच वयाच्या पंचाहत्तरीत पडद्यावर मांडले. ‘द फेबलमन्स’ (२०२२) हा टोनी कुशनरबरोबर लिहिलेला त्याचा आत्मचरित्रपर चित्रपट. समीक्षकांनी त्यातल्या आईवडिलांच्या गोष्टीवर भरभरून लिहिले. ती गोष्ट चांगली आहेच. पण मला त्यातली दोन दृश्ये अधिक महत्त्वाची वाटतात, आणि ती दोन्ही सवंगड्यांची आहेत.

पहिले दृश्य युद्धपटाच्या चित्रणाचे. सॅमी या नायकाने अँजेलो नावाच्या मुलाला तुकडीच्या नायकाची भूमिका दिली आहे. अँजेलो काही नट नाही. धिप्पाड आहे, म्हणून निवडलेला. लढाई संपली आहे, त्याची सगळी माणसे मेली आहेत, आणि त्याने त्या प्रेतांमधून चालत जायचे आहे. सॅमी त्याच्याजवळ जाऊन समजावू लागतो: ही माणसे तुझ्या भरवशावर होती, ती तुझ्यामुळे गेली. बोलता बोलता सॅमीचाच आवाज भरून येतो. इथे लक्षात ठेवायचे ते हे, की या आधीच सॅमीने घरच्या सहलीची फीत संकलनाच्या टेबलावर पाहताना आई आणि वडिलांचा मित्र यांच्यातली जवळीक ओळखलेली आहे आणि ती कुणालाही सांगितलेली नाही. आपले दुःख तो अँजेलोच्या अंगावर घालतो. अँजेलोला ते बरोबर बसते. कॅमेरा सुरू होतो, तो रडत चालू लागतो, आणि ‘कट’ झाल्यावरही थांबत नाही. माळावर दूरवर चालत जातो.

हे दृश्य अनेकांनी दिग्दर्शकाच्या जन्माचे दृश्य म्हणून वाखाणले आहे. ते तसे आहेच. मला मात्र प्रश्न पडतो तो अँजेलोचा. एका मुलाच्या आत काहीतरी हलले, ज्याचे कारण त्याला माहीत नाही, आणि ज्याने ते हलवले तो पुढच्या शॉटच्या मागे लागला आहे. पुढे अँजेलो चित्रपटातून नाहीसा होतो. स्पीलबर्गने त्याचे पाठमोरे चालणे दाखवले हा त्याचा प्रामाणिकपणा. तो कुठे पोचला हे विचारलेच नाही, ही त्या प्रामाणिकपणाची सीमा.

दुसरे दृश्य याहून कडू आहे. कुटुंब कॅलिफोर्नियात येते. नव्या शाळेत ज्यू म्हणून सॅमीला छळणारे दोघे आहेत, लोगन आणि चॅड. वर्गाची समुद्रावर सहल निघते, आणि मैत्रिणीच्या वडिलांचा १६ मिमी कॅमेरा घेऊन सॅमी तिची फिल्म करतो. ती शाळेच्या नृत्याच्या रात्री दाखवली जाते. चॅड तिच्यात केविलवाणा दिसतो. एवढा सूड आपल्याला समजतो. पण लोगन दिसतो तो देवासारखा, सोनेरी, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. मुले टाळ्या वाजवतात. आणि बाहेरच्या मार्गिकेत लोगन सॅमीला गाठतो, संतापतो, आणि शेवटी रडतो. पडद्यावरचा तो मुलगा आपण कधीच होऊ शकणार नाही, हे त्याला कळले आहे. तू असे का केलेस, या त्याच्या प्रश्नाला सॅमीजवळ धड उत्तर नाही: तू पाच मिनिटे तरी माझ्याशी नीट वागावेस म्हणून असेल, किंवा फिल्म चांगली व्हावी म्हणून असेल. हे कुणाला सांगू नकोस, असे लोगन बजावतो. सॅमी शब्द देतो आणि वर थट्टेने म्हणतो की, यावर चित्रपट काढला तर गोष्ट वेगळी.

तो चित्रपट आपण पाहतो आहोत. म्हणजे शब्द मोडला गेला आहे, तोही हसत हसत. छळणाऱ्या एका दांडग्या मुलाला आपल्या युद्धपटात नायक करून आपण त्याला जिंकले, अशी आठवण स्पीलबर्ग पूर्वी मुलाखतींतून सांगत असे. त्या गोड गोष्टीचा हा आतला भाग. कॅमेरा हातात असलेल्या मुलाजवळ मित्र आणि शत्रू दोघांवरही चालणारी सत्ता असते, आणि ती स्तुतीच्या रूपानेही चालते, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी मांडलेले मी पाहिलेले नाही. पण गोष्ट शेवटपर्यंत सॅमीचीच राहते. समारोपाला जॉन फोर्ड येतो, क्षितिज कुठे ठेवायचे ते सांगतो, आणि तरुण नायक हॉलिवूडच्या दिशेने उड्या मारत जातो. पाय पाळण्यातून बाहेर पडले. प्रेक्षक खूश.

चमत्कारिक उदाहरणही स्पीलबर्गच्याच सावलीतले आहे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ १९८१ साली आला. पुढच्या वर्षी मिसिसिपी राज्यातल्या ओशन स्प्रिंग्ज या गावी अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी तोच चित्रपट, दृश्यामागून दृश्य, स्वतः पुन्हा काढायचे ठरवले. ख्रिस स्ट्रॉम्पोलस इंडियाना जोन्स झाला. एरिक झाला (आडनावच तसे आहे) दिग्दर्शक. जेसन लॅम्बने कॅमेरा आणि करामती सांभाळल्या. मूळ चित्रपटाची फीत तेव्हा बाजारात नव्हती. त्यांनी थिएटरात ध्वनिमुद्रक लपवून नेऊन संवाद टिपले, चित्रकथा आणि मासिके चाळली, आणि एरिकने सहाशेच्या वर चौकटी काढून अख्खा चित्रपट कागदावर उतरवला. मग सात उन्हाळे चित्रण. एरिकच्या आईच्या घराचे तळघर त्यांनी खरोखर पेटवले. चेहऱ्याचा साचा घेताना प्लास्टर इतके घट्ट बसले की एरिकला रुग्णालयात न्यावे लागले. माकडाच्या भूमिकेत ख्रिसचा कुत्रा आला. फक्त विमानाचा प्रसंग जमला नाही.

याला नक्कल म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि कथेच्या अंगाने ती नक्कलच आहे. पण मूळ चित्रपटात नसलेली एक गोष्ट हिच्यात आहे. प्रसंग क्रमाने चित्रित झाले नाहीत. त्यामुळे नायक एका दारातून आत शिरतो तेव्हा बारा वर्षांचा असतो आणि पलीकडून बाहेर येतो तो मिसरूड फुटलेला. आवाज मध्येच फाटतो, दोन प्रसंगांनंतर पुन्हा कोवळा होतो. उंची वाढते, घटते. नायिका झालेल्या मुलीचे चुंबन घेण्याचा प्रसंग आहे, आणि ते ख्रिसच्या आयुष्यातले पहिलेच चुंबन होते. तो जो अवघडलेला आहे तो अभिनय नाही. गुळगुळीत मूळ कृतीवर मुलांचे सात वर्षांचे वाढणे सांडलेले आहे, आणि ते पुसायला त्यांच्याजवळ साधनच नव्हते. या विसंगतीसाठी मी तो चित्रपट पुन्हा पाहायला तयार आहे.

पुढे काय झाले? १९८९ मध्ये गावाजवळ तो दाखवला गेला आणि कपाटात गेला. या शतकाच्या आरंभी एक प्रत हातोहाती फिरत टेक्सासमधल्या ऑस्टिनला पोचली, लोकांनी डोक्यावर घेतले, खुद्द स्पीलबर्गची कौतुकाची पत्रे आली. २०१४ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करून चाळिशी ओलांडलेल्या एरिक आणि ख्रिसने राहिलेला विमानाचा प्रसंग पूर्ण केला, आणि त्यावर ‘रेडर्स!’ (२०१५) हा माहितीपटही निघाला. तो पाहताना मला अस्वस्थ वाटले. स्फोट आता खरा आहे, माणसे कसबी आहेत, आणि नेमके जे सांडत होते ते आता सांडत नाही. प्रसंग पूर्ण झाला आणि चित्रपटाला ठिगळ लागले. माहितीपटाचा सगळा ताण पाऊस थांबेल का, नोकरीतून रजा वाढेल का, यावर उभा आहे. पण त्याच्या कडेला जेसन लॅम्ब बसला आहे. तिघांमधले संबंध मधल्या वर्षांत बिघडले होते, आणि त्याच्या बोलण्यात डावलले गेल्याची सल स्पष्ट ऐकू येते. कॅमेऱ्यामागे होता म्हणून पडद्यावर नाही, आणि दिग्दर्शक नव्हता म्हणून गोष्टीतही नाही. माहितीपट त्याचे ऐकून घेतो आणि विमानाकडे वळतो.

आपल्याला हे सगळे दूरचे वाटू नये. मालेगावच्या नासिर शेख आणि मंडळींनी ‘मालेगाव के शोले’सारखे चित्रपट काढले तेव्हा ती किशोरवयात नव्हती, यंत्रमागावर आणि दुकानात राबणारी तरणीताठी माणसे होती. त्यामुळे त्यांचा समावेश या लेखात काटेकोरपणे होत नाही. तरी त्यांच्यावरच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ (२०२४) या कथापटाचा उल्लेख करायला हवा, कारण त्यात कंपूतल्या लेखकाचे गाऱ्हाणे गोष्टीच्या मध्यभागी आहे: शब्द माझे, नाव तुझे. वरुण ग्रोव्हरच्या पटकथेने या मित्राला कडेला बसवलेले नाही. दिग्दर्शकाच्या उत्कर्षाची कथा मोडून ती मैत्रीच्या हिशेबाची केली आहे. शेवट थोडा गोड झाला आहे, पण हिशेब मांडला तरी आहे.

आता तिसरे उदाहरण. सिंगापूर, १९९२. देशात स्वतःचा असा चित्रपटउद्योग तेव्हा जवळजवळ उरलेला नव्हता. एरिक खू याचा ‘मी पॉक मॅन’, ज्याच्यापासून नवी सुरुवात मानतात, तो आला १९९५ मध्ये. सँडी टॅन आणि जॅस्मिन एंग या शाळेपासूनच्या मैत्रिणी. हाताने चिकटवून एक खोडकर मासिक काढणाऱ्या. सोफी सिद्दिक ही तिसरी. सँडीने ‘शर्कर्स’ (म्हणजे कामचुकार) नावाची पटकथा लिहिली: सोळा वर्षांची एक मुलगी शहरभर भटकते, माणसे गोळा करते आणि मारते. ती मुलगी सँडीनेच रंगवली. विशीच्या उंबरठ्यावरच्या या मुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत १६ मिमीवर अख्खा कथापट चित्रित केला. दिग्दर्शक होता त्यांना चित्रपट शिकवणारा, वयाने दुपटीहून मोठा, जॉर्ज कार्डोना नावाचा अमेरिकी गृहस्थ. सुट्टी संपली, मुली शिकायला परदेशी परतल्या, आणि कार्डोना चित्रपटाची ७० रिळे घेऊन नाहीसा झाला.

किल्ल्यातला वडिलांचा हात मी वर उगाच काढला नव्हता. या माणसाने पैशासाठी काही केले असेही दिसत नाही. त्याने रिळे विकली नाहीत, जाळली नाहीत. वर्षानुवर्षे जपून, नीट थंडाव्यात ठेवली. २००७ मध्ये तो वारला, आणि २०११ मध्ये त्याच्या पूर्वीच्या पत्नीने सँडीला कळवले की डबे माझ्याकडे आहेत. चित्र लखलखीत होते. आवाजाच्या फिती मात्र नव्हत्या. म्हणजे मुली धावताहेत, ओठ हलताहेत, आता पालटून गेलेले सिंगापूर रंगांनी भरलेले आहे, आणि सगळे मुके.

यातून सँडी टॅनने २०१८ साली त्याच नावाचा माहितीपट केला. सनडान्स महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले आणि तो नेटफ्लिक्सवर आला. त्याच्याविषयी बोलताना बहुतेक जण कार्डोनाच्या कोड्यात अडकतात. खुद्द माहितीपटही मधला बराच वेळ अडकतो. तो माणूस कोण होता, त्याने किती थापा मारल्या, आणखी कुणाकुणाला असेच दगवले, याचा शोध माझ्या मते पंधरा मिनिटांनी कमी झाला असता तर बरे होते. फसवणारा माणूस तितका खोल नसतोच. फसलेल्यांचे पुढे काय झाले ते अधिक खोल असते.

आणि इथे ‘शर्कर्स’ बाकीच्या दोहोंहून वेगळा होतो. गोष्ट सांगायचा हक्क सँडीकडे आहे: आवाज तिचा, संकलनावर शेवटचा हात तिचा, चोरी झाली ती पटकथा तिची. दुखावलेली म्हणून सहानुभूतीही तिचीच. सहज शक्य होते की तिने जॅस्मिन आणि सोफीला साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभे केले असते. त्यांनी येऊन ‘हो, असेच घडले’ म्हणायचे आणि जायचे. तसे होत नाही. सोफी आता न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसर महाविद्यालयात चित्रपट शिकवते. जॅस्मिनने १९९९ मध्ये केल्विन टाँगबरोबर ‘ईटिंग एअर’ हा कथापट दिग्दर्शित केला. तिघींनीही चित्रपट सोडला नाही, पण तो हरवलेला चित्रपट तिघींच्या मैत्रीत कुसळासारखा राहिला. त्या बोलतात तेव्हा चोराविषयी कमी आणि एकमेकींविषयी जास्त बोलतात. कुणाचे ऐकले गेले नाही, कोण त्या माणसाच्या अधिक जवळ गेले, कुणी कुणाला गृहीत धरले. सँडीची आठवण आणि जॅस्मिनची आठवण जुळत नाही, आणि माहितीपट त्या जुळवत बसत नाही.

मला यात समीक्षेच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट दिसते. किशोरवयातला असा चित्रपट ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचा असतो, हे आपण गृहीत धरतो, कारण मोठेपणी चित्रपटावर दिग्दर्शकाचे नाव लागते. पण त्या वयात पगार नसतो, करार नसतो, श्रेयनामावली बहुधा कुणीतरी शेवटच्या रात्री घाईने लिहिलेली असते. जे गुंतवलेले असते ते मैत्रीच असते, आणि ते परत मागायला कायद्यात जागा नाही. मग परतफेड होणार कशी? ‘फेबलमन्स’ तिची गरज ओळखतो आणि थट्टेवर नेतो. ‘रेडर्स!’ ती कडेला ठेवतो. ‘शर्कर्स’मध्ये ती पडद्यावर, आपल्यादेखत होते, आणि तिचे चलन आहे फक्त ऐकून घेणे.

हल्ली कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, रीळ उलटायचे नाही, धुलाईची वाट पाहायची नाही. मोबाइलवर मुले आठवड्याला एक लघुपट करतात, आणि दुसऱ्या आठवड्यात तो विसरतातही. संख्या वाढली याने काही बिघडत नाही. पण हे लघुपट शाळा-महाविद्यालयांच्या महोत्सवांत जातात तेव्हा बक्षीस एका नावाने दिले जाते, परीक्षक एकालाच मंचावर बोलावतात, आणि छत्री धरणारा, ऊन अडवणारा, तीन तास प्रेत होऊन पडलेला मुलगा प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतो. तो परीक्षक मीही कधी कधी असतो. मंचावर सगळ्यांना बोलवा, असे सुचवले तर आयोजक वेळेचे कारण सांगतात. कारण खोटे नाही. अठ्ठावीस मुले मंचावर यायला वेळ लागतोच.

‘शर्कर्स’मधली एक जागा यासाठी पुन्हा पाहण्यासारखी आहे. पंचवीस वर्षांनी जॅस्मिन एंग कॅमेऱ्यासमोर बसली आहे. समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला, सँडी. जॅस्मिन हसते, पण डोळ्यांनी हसत नाही, आणि इंग्रजीतली एक सणसणीत शिवी घालून तिला सांगते की तू तेव्हा अशी होतीस आणि आजही तशीच आहेस. सँडीचे उत्तर आपल्याला ऐकू येते ते इतकेच की ती पुढे बोलू देते. महिनोन्‌महिने चाललेल्या संकलनात ते वाक्य काढून टाकणे हा एका कापाचा प्रश्न होता, आणि कात्री तिच्याच हातात होती.